सांखळीची करवत आणि तिचा धनी

या सदरांत आम्हीं आजवर अडकित्त्यापासून विहिरीवरील पंपापर्यंत घरांतील बहुतेक हत्यारांचा आणि यंत्रांचा परामर्श घेतला. एका यंत्राविषयीं लिहिणें मात्र आम्ही टाळीत आलों. गेल्या महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील एका वाचक-भगिनींचें पत्र आलें आणि तें टाळणें यापुढें योग्य नव्हे अशी आमची खात्री झाली.

त्या लिहितात : ‘आमचें एकत्र कुटुंब आहे. घरामागें दोन एकरांचें आगर आहे. धाकट्या दिरांनीं व पुतण्यांनीं मिळून झाडें कापण्याचें पेट्रोलचें यंत्र मागविलें. तें ओटीवर खोक्यांत पडून आहे. पुरुषमंडळी म्हणतात, यांत मोठेंसें काय आहे, दुकानदारानें चालवून दाखविलें आहे. सासूबाई म्हणतात, तें आजच्या आज घराबाहेर काढा. मी दोघांच्या मध्यें उभी आहें. यंत्र ठेवावें कीं परत करावें?’

सासूबाईंची भीति अनाठायीं नाहीं आणि पुरुषमंडळींचा उत्साहहि अनाठायीं नाहीं. आडव्या पडलेल्या फणसाचा बुंधा दोघांनीं मोठ्या करवतीनें कापावयाचा म्हटल्यास दिवस मोडतो. हें यंत्र तें काम घटका-दोन घटकांत करतें. पण ज्या गुणामुळें तें काम करतें, त्याच गुणामुळें तें घात करतें. म्हणून ‘ठेवावें कीं परत करावें’ या प्रश्नाआधीं दुसरा एक प्रश्न विचारावा लागतो, व तो कोणता हें आम्हांला फार मोठी किंमत देऊन कळलें आहे. ती किंमत आम्हीं स्वतः दिली असती तर लिहिण्यास इतका संकोच वाटला नसता. ती दुसऱ्यानें दिली.

आमच्या गांवीं या यंत्राला नुसतें ‘कटर’ म्हणतात. दुकानदार ‘चेन-सॉ’ म्हणतो. १९२६ सालीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें आंद्रेआस श्टील यानें विजेवर चालणारी सांखळीची करवत बनविली आणि १९२९ सालीं पेट्रोलची. तीं यंत्रें इतकीं जड असत कीं दोन माणसांनीं दोन बाजूंनीं धरल्याखेरीज चालत नसत. एका माणसाच्या हातीं मावेल असें यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालें. सांखळीच्या दांत्याची गोष्ट तर मौजेची आहे. १९४६ सालीं अमेरिकेच्या ओरेगन राज्यांत जोसेफ कॉक्स नांवाच्या लांकूडतोड्यानें ओंडका पोखरणारी एक अळी पाहिली. ती समोर न कुरतडतां एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे असें आळीपाळीनें लांकूड खात होती. त्याच तऱ्हेनें त्यानें सांखळीला एकाआड एक डावे-उजवे दांते दिले. आजच्या बहुतेक सांखळ्या त्याच घाटाच्या वंशांतल्या आहेत. ही सांखळी एका लोखंडी पट्टीभोंवतीं फिरते. पट्टीला कारागीर ‘बार’ म्हणतात. पूर्ण वेगांत दांते सेकंदाला सुमारें २० मीटर धांवतात, म्हणजे तासाला ७० किलोमीटर. मोटार या वेगानें जवळून गेली तर आपण मुलाला हात धरून मागें ओढतों. येथें तोच वेग माणसाच्या दोन हातांमध्यें असतो.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगराच्या बाजूनें किनाऱ्यावर चढलें. आमची वडिलोपार्जित वाडी त्याच तालुक्यांत आहे. सुपारीचीं निम्म्याहून अधिक झाडें एका दुपारींत मोडलीं आणि एक जुना फणस मुळांसकट उलथून गोठ्यावर कलंडला. वीज नव्हती, टेलिफोन नव्हता, रस्ते झाडांनीं बुजले होते. चौथ्या दिवशीं शेजारच्या गांवाहून एक कटर उसना मिळाला. आमच्याकडे येण्यापूर्वीं त्यानें चार वाड्या साफ केल्या होत्या. पुढच्या मुठीसमोरील प्लास्टिकची ढाल मोडलेली असून ती सुतळीनें बांधली होती. सांखळी इतकी बोथट होती कीं लांकडांतून चाळलेल्या पिठासारखा भुसा पडत होता. हें आम्हांला दिसत होतें. ‘दोन दिवसांचें काम आहे, भागवून घेऊं,’ असें आमचे थोरले बंधू म्हणाले आणि आम्हींहि मान डोलावली.

यंत्र धरलें तें आमच्या वाडीचा कारभार पाहणाऱ्या तात्यांच्या मुलानें. तात्या वयानें आम्हांहून वडील; त्यांची तिसरी पिढी आमच्या वाडीवर आहे. मुलगा सव्वीस वर्षांचा, हातचा धीट, सुपारीच्या एका झाडावरून दुसऱ्यावर झोंका घेणारा. पायांत चप्पल, अंगांत अर्धी विजार. तिसऱ्या प्रहरीं फणसाची फांदी कापतां कापतां बारचें टोंक पानांआड दडलेल्या दुसऱ्या फांदीला लागलें. आम्ही दहा हातांवर उभे होतों. काय घडलें हें दिसण्याच्या आधीं तें घडून गेलें होतें. करवत उसळून मागें आली आणि त्याचा डावा हात मनगटाशीं फाटला. वाटेंतील झाडें ओलांडीत त्याला दवाखान्यांत पोहोंचवावयास चार तास लागले. प्राण वांचले, हातहि राहिला. पण दोन बोटें आजहि मिटत नाहींत आणि सुपारीवर चढणें त्याला कायमचें बंद झालें.

पुढें महिन्याभरानें आम्हीं तात्यांपाशीं खेद व्यक्त केला. ते रागावले नाहींत. ओटीच्या पायरीवर कोयता पारजीत बसले होते. म्हणाले, ‘हा कोयता मी रोज पारजतों, कां कीं तो माझा आहे. तो कटर कोणाचा होता, भाऊ?’

या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ज्याचें यंत्र होतें तो तें वापरीत नव्हता. जो वापरीत होता त्याचें तें नव्हतें. ज्यांनीं वापरावयास लावलें त्या आम्हांला त्यांतील कांहींच कळत नव्हतें. एकत्र कुटुंबाचे गुण आम्हीं या मासिकांत वारंवार गाइले आहेत. पण त्याचा एक दोष उघड आहे. जी वस्तु सर्वांची, तिची निगा कोणाचीच नाहीं. खलबत्त्याच्या बाबतींत या दोषानें फारसें बिघडत नाहीं. सांखळीच्या करवतीच्या बाबतींत हात जातो. म्हणून भगिनींस आमचें पहिलें सांगणें असें : यंत्र ठेवण्यापूर्वीं घरांतील एका माणसाला त्याचा धनी नेमा. त्यानें माहितीची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी, जाणत्याकडून प्रत्यक्ष शिकावें, आणि त्याच्या संमतीवांचून यंत्राला थोरल्यांनींहि हात लावूं नये. असा माणूस घरांत नसेल तर यंत्र परत करावें. धन्यानें काय करावयाचें तें आतां क्रमानें सांगतों.

आधीं उसळी समजून घेतली पाहिजे, कारण बाकीचे बहुतेक नियम तिच्यासाठीं आहेत. सांखळी बारच्या वरच्या कांठानें पुढें धांवते, टोंकाला वळसा घालते आणि खालच्या कांठानें मागें येते. खालच्या कांठानें कापतांना यंत्र लांकडाकडे ओढलें जातें. वरच्या कांठानें कापतांना तें आपल्याकडे ढकललें जातें. या दोन्ही ओढी माणसाला आंवरतां येतात. परंतु टोंकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाहि टेकला, तर तेथील दांत्याला लांकूड झेपत नाहीं, तो अडकतो, आणि सांखळीचा सगळा जोर बारला वर व मागें, म्हणजे चालविणाराच्या मानेकडे व खांद्याकडे उसळवितो. हें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत होतें. तेव्हां ‘सावध राहिलें म्हणजे झालें’ हा भ्रम सोडावा. बारचें टोंक कोठें आहे हें सतत पाहावें, त्याच्या आसपासच्या लहान फांद्या आधीं कोयत्यानें काढाव्या, आणि उसळी आली तरी ती अंगावर येणार नाहीं असें उभें राहावें.

उभें राहण्याची रीत अशी. डावा हात पुढच्या मुठीवर, उजवा मागच्या मुठीवर. डावखुऱ्यानेंहि असेंच धरावें. अंगठा मुठीखालून वळवून घट्ट मिटावा. नुसता वर टेकवूं नये. डावें कोपर शक्य तितकें सरळ ठेवावें. सांखळी ज्या रेषेंत फिरते त्या रेषेच्या डावीकडे शरीर असावें. खांद्याहून उंच कांहींहि कापूं नये, शिडीवर उभें राहून तर मुळींच नाहीं. एका हातानें यंत्र चालविणारा माणूस कितीहि वाकबगार असला तरी त्याला काम थांबवावयास सांगावें.

पुढच्या मुठीसमोर जी ढाल असते ती केवळ हाताला आडोसा नव्हे. ती सांखळीच्या ब्रेकचा दांडा आहे. उसळीच्या वेळीं डावें मनगट तिच्यावर आपटतें, किंवा झटक्याच्या जोरानें ती आपोआप पुढें पडते, आणि सांखळी क्षणार्धांत थांबते. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हा ब्रेक यंत्रांना बसूं लागला आणि तेव्हांपासून असंख्य माणसांचे गळे वांचले असतील. आमच्या फणसाखालीं जी ढाल सुतळीनें बांधलेली होती ती हीच. तेव्हां रोज काम सुरू करण्यापूर्वीं ब्रेकची परीक्षा घ्यावी : यंत्र दोन्ही हातांनीं घट्ट धरून क्षणभर पूर्ण वेग द्यावा आणि मूठ न सोडतां डाव्या मनगटानें ढाल पुढें लोटावी. सांखळी तत्काळ थांबली पाहिजे. लगेच वेगाचा घोडा सोडावा. ती रेंगाळली तर त्या दिवशीं काम नाहीं, यंत्र दुरुस्तीला पाठवावें.

त्याच वेळीं आणखी तीन गोष्टी पाहाव्या. यंत्र मंद चालत असतां सांखळी मुळींच फिरूं नये. मागच्या मुठीवरील अडसर दाबल्याखेरीज वेगाचा घोडा ओढला जाऊं नये. आणि बंद करण्याच्या बटणानें यंत्र ताबडतोब बंद व्हावें. यंत्र सुरू करावयाचें तें जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठींत रोवून. हवेंत लोंबतें धरून दोरी ओढण्याची जी ऐट पुष्कळ ठिकाणीं दिसते, ती ऐट न करणें बरें. एका जागेवरून दुसरीकडे जातांना दोन पावलें चालावयाचीं असलीं तरी ब्रेक लावावा.

आतां निगेकडे वळूं. सांखळीचा ताण यंत्र बंद करून, हातमोजे घालून पाहावा. ती बारच्या खालच्या कांठाला लागून बसलेली असावी, लोंबूं नये. तरी ब्रेक सोडल्यावर हातानें सहज ओढतां यावी. ढिली सांखळी निसटते; अति ताणलेली सांखळी बार व क्लच दोहोंना झिजविते. नवी सांखळी पहिल्या दिवशीं फार सैल पडते; तिच्याकडे वारंवार पाहावें. तापलेली सांखळी ताणून तशीच ठेवूं नये; ती निवतांना आंवळते, म्हणून काम संपल्यावर ताण कमी करावा.

तेलाचा प्रश्न दुहेरी आहे. पेट्रोलच्या टांकींत पेट्रोल व टू-टी ऑइल यांचें मिश्रण जातें. त्याचें प्रमाण पुस्तिकेंत असेल तेंच पाळावें. पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिलिलिटर, पंचविसास एक असेल तर ४०. ‘अंदाजानें’ हा शब्द येथें वर्ज्य समजावा. तेल कमी पडलें तर एंजिन होरपळून जातें. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें आणि तें हवेंतील ओलावा शोषतें. कोकणांत ओलाव्याला तोटा नाहीं. म्हणून मिश्रण महिन्याहून अधिक साठवूं नये, आणि यंत्र दीर्घकाळ ठेवावयाचें असल्यास टांकी रिकामी करून उरलें-सुरलें इंधन चालवून संपवावें. भरतांना यंत्र बंद व निवालेलें असावें, जवळ विडी-काडी नसावी, आणि भरल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊन मग यंत्र सुरू करावें.

दुसरें तेल सांखळीचें. तें बारच्या खोबणींतून सांखळीला पोहोंचतें. पेट्रोल भरण्याच्या प्रत्येक वेळीं तेंहि भरावें, म्हणजे विसर पडत नाहीं. पोहोंचतें कीं नाहीं याची खूण सोपी आहे : सांखळी फिरती ठेवून बारचें टोंक कोरड्या खोडावर चार बोटें उंच धरावें, खोडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. मोटारींतून काढलेलें काळें तेल यांत घालूं नये. त्यांतील धातूचा कीस पंपाला खातो आणि तेल अंगावर व मातींत उडतें. दिवसाच्या शेवटीं झांकण काढून भुसा झाडावा, बारची खोबण खरवडावी, हवेची गाळणी स्वच्छ करावी, आणि बार अधूनमधून उलटा बसवावा, म्हणजे दोन्ही कांठ सारखे झिजतात. नारळ-सुपारी कापली असेल तर हें काम त्याच दिवशीं करावें. त्यांचे चिवट तंतु स्प्रॉकेटभोंवतीं सुतासारखे गुंडाळतात आणि वाळल्यावर निघतां निघत नाहींत.

आतां धार. बोथट सांखळी कमी कापते म्हणून कमी धोक्याची, असें पुष्कळांना वाटतें. तें उलट आहे. धारेची सांखळी स्वतः लांकडांत उतरते. बोथट सांखळीला माणूस ढकलूं लागतो. मग हात थकतात, तोल पुढें जातो, बार हव्या त्या जागीं राहत नाहीं, आणि टोंक नको तेथें लागतें. धार गेल्याची खूण भुशांत दिसते. धारेची सांखळी टरफलासारख्या कपच्या टाकते. बोथट सांखळी पीठ टाकते. आमच्या डोळ्यांसमोर दोन दिवस पीठ पडत होतें.

धार लावण्यास गोल कानस लागते. तिची जाडी सांखळीच्या मापावर ठरते. लहान यंत्रांच्या सांखळीस बहुधा ४ मिलिमीटर, मध्यम यंत्रांच्या सांखळीस ४.८, आणि त्याहून मोठ्यांस ५.२ किंवा ५.५ मिलिमीटर. आपल्या सांखळीस कोणती, हें पुस्तिकेंत पाहून तीच घ्यावी. बार घट्ट बांधावा, ब्रेक लावावा. कानस दांत्याच्या आंतल्या बाजूनें बाहेर, एकाच दिशेनें ढकलावी. परत येतांना उचलावी. कोन बहुधा ३० अंशांचा असतो आणि तो दांत्याच्या माथ्यावर रेघेनें कोरलेला असतो. एका दांत्याला तीन घाव दिले तर सर्वांना तीनच द्यावे. आधीं एका बाजूचे सर्व दांते, मग यंत्र फिरवून दुसऱ्या बाजूचे. एका बाजूचे दांते लांब राहिले तर करवत वांकडी कापूं लागते. प्रत्येक दांत्यासमोर एक लहान उंचवटा असतो. दांत्यानें किती खोल चावावें हें तो ठरवितो. चार-पांच वेळां धार लावल्यावर चपट्या कानशीनें व मापाच्या पट्टीनें तो किंचित् उतरवावा, साधारण ०.६५ मिलिमीटरपर्यंत. लवकर काम व्हावें म्हणून तो अधिक उतरविला तर दांता आधाशासारखा चावूं लागतो आणि उसळीचा धोका वाढतो.

पोषाखाविषयीं लिहितांना आम्हांला आमचीच लाज वाटते. पंधरा-वीस हजारांचें यंत्र घेणारें घर त्याच्या पोषाखाचे पैसे वांचवितें, याचें खरें कारण काटकसर नव्हे. यंत्र धरणारा बहुधा घरचा नसतो, हें तें कारण आहे. आमच्या पुतण्याला आम्हीं अर्ध्या विजारींत तें यंत्र हातीं धरूं दिलें असतें काय? नसतें दिलें. मग तात्यांच्या मुलाला कसें दिलें? ज्या घरांत यंत्र येईल त्या घरांत पोषाख त्याच्याबरोबरच यावा, आणि तो जो चालवील त्याच्या मापाचा असावा. शिरावर शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कानांवर झडपा, कारण या यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि आठ तासांच्या कामाला ८५ ची मर्यादा मानलेली आहे, हातांत मोजे, पायांत पोलादी चवड्याचे बूट. मांड्यांसाठीं खास विजार किंवा पुढून बांधावयाचा पट्टा मिळतो. त्याच्या थरांत लांब तंतु असतात. सांखळी लागतांच ते ओढले जाऊन स्प्रॉकेटांत गुंततात आणि सांखळी ठप्प होते. उपरणें, सैल सदरा, पदर, गळ्यांतला गोफ, यांपैकीं कांहीं अंगावर नसावें. यंत्राच्या थरथरीनें बोटांचीं टोकें पांढरीं पडून बधिर होऊं लागलीं तर ती सूचना समजावी. थोड्या थोड्या वेळानें विसांवा घ्यावा.

वादळानंतर पडलेलें झाड उभ्या झाडापेक्षां कपटी असतें. पडलेल्या बुंध्याची एक बाजू दाबलेली व दुसरी ताणलेली असते. बुंधा दोन्ही टोंकांना टेकलेला असेल तर वरची बाजू दाबलेली असते. आधीं वरून एक तृतीयांश कापावें व मग खालून वर यावें. एकच टोंक टेकलेलें असेल तर उलट : आधीं खालून एक तृतीयांश, मग वरून. हा क्रम चुकला तर बार चिमट्यासारखा पकडला जातो, किंवा बुंधा चिरत उसळतो. उतारावर नेहमीं चढाच्या बाजूला उभें राहावें. वांकून दाबली गेलेली कोंवळी झाडें धनुष्यासारखीं ताणलेलीं असतात; त्यांच्या वांकाच्या बाहेरच्या बाजूला कोणीहि उभें राहूं नये.

मातांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. झाड मुळांसकट उलथलें कीं मागें मोठा खड्डा पडतो आणि मुळांची भिंत उभी राहते. मुलांना तेथें खेळावयास फार आवडतें. परंतु बुंधा कापून वजन हलकें होतांच ती मुळांची भिंत धाडकन् पुन्हां खड्ड्यांत बसूं शकते. कापण्यापूर्वीं खड्डा स्वतः जाऊन पाहावा आणि काम संपेपर्यंत मुलांना व गुरांना घरांत ठेवावें. विजेची तार झाडांत गुंतली असेल तर वीजमंडळाची माणसें येईपर्यंत झाडाला हातहि लावूं नये.

उभें झाड पाडणें हें शिकाऊ माणसाचें काम नव्हे. पडण्याच्या बाजूला व्यासाच्या चौथ्या-पांचव्या हिश्श्याएवढी खांच घ्यावी लागते. मागून कापतांना व्यासाचा सुमारें दहावा हिस्सा बिजागरीसारखा शिल्लक ठेवावा लागतो. मागें तिरकस पळण्याच्या वाटा आधीं मोकळ्या कराव्या लागतात. आणि झाडाच्या दुप्पट उंचीच्या आंत दुसरें माणूस असूं देतां येत नाहीं. हें जाणत्याकडून करून घ्यावें. शिवाय आंबा, फणस, जांभूळ, साग यांसारख्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखालीं परवानगी लागते, तीहि आधीं काढावी.

काम एकट्यानें कधींच करूं नये. दुसरें माणूस हांकेच्या अंतरावर असावें आणि त्याच्याजवळ स्वच्छ जाड कापड व टेलिफोन असावा. जखम झालीच तर ती कापडानें जोरानें दाबून धरावी, सोडून सोडून पाहूं नये, आणि १०८ क्रमांकाला हांक मारावी. थकवा आला कीं थांबावें. आमच्या घरचा अपघात तिसऱ्या प्रहरीं झाला, सकाळीं नव्हे.

२०२१ च्या मे महिन्यांत ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्यावरून गेलें, त्याच्या आधींच आम्हीं आमचें स्वतःचें यंत्र घेतलें होतें, पोषाखासकट. धनी कोण, याविषयीं घरांत थोडा वाद झाला. शेवटीं तात्यांच्या मुलानेंच तें काम मागून घेतलें. आम्हांला तें ऐकवेना. तो म्हणाला कीं या यंत्राची खोड घरांत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक आहे? त्यानें जाणत्या कारागिराकडे आठ दिवस जाऊन धार लावणें शिकून घेतलें. आतां यंत्र, कानशी आणि एक वही त्याच्या पेटींत असते. कोणी नेलें, किती वेळ चाललें, ब्रेक तपासला कीं नाहीं, हें वहींत लिहिल्याशिवाय पेटी उघडत नाहीं. या कामाचा मोबदला त्याला वेगळा मिळतो. गेलेल्या दोन बोटांची भरपाई त्यानें होत नाहीं हें आम्ही जाणतों.

गेल्या दिवाळींत पुण्याहून आलेला आमचा पुतण्या चप्पल घालून, अर्ध्या विजारींत यंत्र मागावयास गेला. त्यानें तें दिलें नाहीं. पुतण्या रागावून आंत आला, तेव्हां आमच्या वहिनी एवढेंच म्हणाल्या, ‘बूट घालून ये, म्हणजे देईल.’ पुतण्या बूट घालून गेला. तरीहि यंत्र मिळालें नाहीं. आधीं कानस हातांत मिळाली आणि दुपारभर ओटीवर बसून छत्तीस दांते घासावे लागले.

भगिनींनीं आपल्या सासूबाईंना आमचा नमस्कार सांगावा आणि दिरांना हा अंक वाचावयास द्यावा. वाचून झाल्यावर त्यांना विचारावें, ‘धनी कोण?’ एकच नांव पुढें आलें, आणि तें नांव घेणारानें पोषाखाची मागणी नोंदविली, तर खोकें उघडावें. सगळे एकदम ‘आम्ही’ म्हणाले, तर यंत्र परत करावें.

पुढील अंकांत गॅसच्या शेगडीची रबरी नळी व रेग्युलेटर यांविषयीं लिहूं.